खोलीतून वाफ्यात : गांजाच्या चार रोपांच्या नोंदी, हॅमिल्टन (कॅनडा), २०२४

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. काल खग्रास ग्रहण होतं आणि हॅमिल्टन नेमकं त्या पट्ट्यात. ढगांमुळे सूर्य फारसा दिसला नाही, पण सव्वातीनच्या पुढे दीड-दोन मिनिटं अंगणात चक्क रात्र झाली. बी खरं तर कालच भिजवायचं होतं. आई फोनवर म्हणाली, "आमच्याकडं दिसत नाही, आम्ही पाळणार नाही. पण तुझ्या डोक्यावर आहे ना? मग उद्या भिजव, पाडवाच आहे." कशाचं बी ते तिला माहीत आहे. त्यावर ती फक्त "बरं" म्हणाली होती. गावी द्राक्षबाग करणारे आबा अजून विचारतात, "पोलीसपाटलाला सांगितलंयस का?"

इथं कुणाला सांगावं लागत नाही. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात गांजाचा कायदा बदलला आणि ऑन्टॅरिओत एका घराला चार झाडं लावता येतात. माणशी चार नव्हे, घराला चार. आम्ही नवरा-बायको दोघं असलो तरी आठ होत नाहीत. शेजारच्या क्यूबेक प्रांतात एकही चालत नाही, आणि ती बंदी सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली उचलून धरली. सार्वजनिक बागेत भाड्यानं घेतलेला वाफाही चालत नाही, झाडं घराच्या आवारातच हवीत.

चारात इवलंसं रोपही धरतात. म्हणजे आपली शेतकरी सवय, चार रोपं जास्तीची टाकायची आणि मागाहून नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायच्या, इथं बंद. म्हणून अधिकृत दुकानातून फक्त मादी झाडं देणारं बी घेतलं, महाग पडलं तरी. साधं बी घेतलं तर निम्मी झाडं नर, म्हणजे बिनकामाची, निघण्याची धास्ती.

दोन बिया लवकर येणाऱ्या जातीच्या, पाकिटावर 'सप्टेंबरअखेर' लिहिलेल्या. दोन 'ऑक्टोबर मध्य'च्या.

यंदाची अट एकच. आषाढीला आम्ही सगळे गावी, तासगावला जाणार. जुलैत तीन आठवडे घराला कुलूप. तेवढ्यात झाडांनी आपलं आपण बघायचं.

१४ एप्रिल

चारही उगवली. तळघरात एलईडीखाली, अठरा तास उजेड. छोटा पंखा लावून दिला आहे. वारं लागलं नाही तर देठ लांबतो आणि रोप मान टाकतं. अजून लिहिण्यासारखं काही नाही.

२८ एप्रिल

आज वाफा. मागच्या कुंपणाला लागून ५ बाय १६ फुटांची पट्टी, दक्षिणेकडून ऊन येतं. माती चिकण. मागच्या ऑक्टोबरात हिरवळ न खणता तिच्यावरच जाड पुठ्ठे अंथरले होते, त्यावर मेपलच्या पानांचा फूटभर थर. आज फावडं घातलं तर पुठ्ठा जवळजवळ विरघळलेला, खाली गांडुळं, आणि गवत मेलेलं. त्यावर कंपोस्टचा चार इंची थर आणि कोंबडीखताच्या गोळ्या. नांगरट नाही, कुदळ नाही. बाजूच्या मातीपेक्षा पट्टी सहा-सात इंच उंच झाली आहे. आबांच्या भाषेत बोद. चिकण मातीत हे बरं, मुळाशी पाणी थांबत नाही.

आबांना व्हिडिओवर दाखवलं. सध्या त्यांची बागेत खरड छाटणी चालू आहे, त्यामुळे बोलायला वेळ नव्हता. तरी एवढं म्हणाले, "पाणी किती देणार ते आधी ठरव. झाड मरतं ते पाणी कमी पडून नाही, वाफसा मोडून." मुळाशी ओल आणि हवा दोन्ही हवी, हे इथल्या कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नाही.

त्यावरून ठरलं : मडकं. बिनझिलईची टेराकोटाची कुंडी, तळाच्या भोकाला बूच, वर बशी झाकण. गळ्यापर्यंत पुरायची आणि भरून ठेवायची. माती सुकेल तसं मडकं पाझरतं, माती ओली असली की थांबतं. दर दोन झाडांमध्ये एक आणि दोन्ही टोकांना एकेक पुरलं. बॅटरीवर चालणाऱ्या ठिबकचाही विचार केला होता. पण आपण घरात नसताना ती अडकली किंवा फुटली तर कळणार कुणाला?

१२ मे

शुक्रवारी रात्री आकाशात हिरवा-गुलाबी ध्रुवीय प्रकाश, अगदी घराच्या गच्चीवरून दिसला. असं निरभ्र आकाश म्हणजे इथं मे महिन्यातही थंडी. रोपं आतच.

आता उजेडाचं गणित. हे झाड दिवस आखूड झाला की फुलोऱ्यावर येतं. तळघरात त्याला अठरा तासांची सवय. बाहेर आत्ता साडेचौदा तासांचा दिवस. आज नेऊन लावलं तर त्याला वाटेल श्रावण सरला, आणि वीतभर उंचीवर ते फुलं काढायला लागेल. मग जूनमध्ये दिवस सव्वापंधरा तासांवर गेला की गोंधळून परत पानांवर येईल. तेव्हा जी पानं फुटतात ती एकेरी, वेडीवाकडी असतात आणि महिनाभर वाढ खुंटते. अंगणात लावलेल्या अनेकांच्या झाडांचं जूनमध्ये 'काहीतरी बिघडलं' असतं ते बहुतेक हेच.

उपाय सोपा आहे. टायमर आठवड्याला थोडा थोडा मागे ओढायचा. अठरावरून सतरा, सोळा, आणि शेवटी साडेपंधरा. बाहेरचा दिवस तोवर पंधरा तासांच्या पुढे गेलेला असतो आणि दोन्ही भेटतात. आबांना हे सांगायला मिनिटही लागलं नाही. "शेवंतीवाले पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात ते फूल लांबवायला. तुझं उलटं." उलटं नाहीच, तेच.

२० मे, व्हिक्टोरिया डे

इथं या सुट्टीच्या शनिवार-रविवारी टोमॅटो लावायचे असा रिवाज. शेजारच्या इटालियन आजींनी पहाटेच वाफे भरले. माझी चार अजून पायरीवर. आज पहिल्यांदा बाहेर काढली, मेपलच्या सावलीत, तासभर.

सगळ्यात जपायचा काळ हा, आणि याचीच घाई सगळे करतात. एलईडीखाली वाढलेलं पान अतिनील किरणं ओळखत नाही. थेट उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत वरच्या पानांवर चांदीसारखे पांढरट चट्टे पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. शिवाय वारा. आत पंखा असला तरी तो एकाच दिशेनं येतो. आबांचं म्हणणं, शेडनेटमधलं रोप थेट रानात नेलं तर आठ दिवस नुसतं उभं राहतं, त्यापेक्षा आठ दिवस उशिरा लावलेलं बरं.

क्रम असा ठरवला : आधी सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, मग झिरपतं ऊन, शेवटी दुपार. पाणी जरा ताणून. मोठ्या जातीच्या दोन रोपांना तासाभरानं आत घेतलं, लहान दोघं आणखी थोडा वेळ बाहेर राहिली. त्यांचं वय तेच, पण देठ जाड आणि पेरं जवळ जवळ.

२७ मे

सगळी आता दिवसभर बाहेर. जुनी खालची पानं पिवळट, नवीन आलेली पानं मात्र आकारानं लहान, जाड, गडद. हेच बघायचं होतं. टायमरची गरज संपली; रात्री गॅरेजमध्ये अंधारात ठेवतो आहे. रात्रीचं तापमान आता दहाच्या खाली जात नाही.

सशांनी आजींची लेट्यूस साफ केली. लावणीआधी जाळी आणायला हवी.

१ जून, शनिवार

लावणी. सकाळपासून ढगाळ, त्यामुळे संध्याकाळची वाट पाहिली नाही.

कापडी पिशवीतली माती आधी पूर्ण भिजवली. कापडी पिशवीत मुळं कडेला गोल फिरत नाहीत, हवेला लागून त्यांचं टोक सुकतं आणि मागून फाटे फुटतात, त्यामुळे काढताना गोळा सुटला नाही. खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद, खोली तेवढीच. खोल पुरण्याची टोमॅटोची सवय इथं आवरली. खड्ड्यात आधी पाणी सोडलं, ते जिरू दिलं, मग रोप. चार फुटांवर एक. लवकरच्या दोन जाती उत्तरेकडच्या टोकाला, उशिराच्या दक्षिणेला, जिथं ऑक्टोबरातलं तिरकं ऊन जास्त वेळ मिळतं.

लगेच आच्छादन. गव्हाचं काड पाच-सहा इंच, पण खोडापासून वीतभर मोकळं. नैसर्गिक शेतीवाल्या पालेकर गुरुजींच्या पद्धतीनं आमच्याकडं द्राक्षात आबांनी दोन ओळी केल्या होत्या, तेव्हा 'आच्छादन' हा शब्द घरात फार ऐकला. इथं त्याचं खरं मोल कळतं. पावसानं माती उडून पानावर बसत नाही, तण येत नाही, आणि मडक्याचं पाणी वरून उडून जात नाही. प्रत्येक रोपाभोवती कोंबडीजाळीचं कडं. चार खुंट्या.

वाफ्याचं काम इथं संपलं असं मी धरतो आहे. यापुढे बघायचं, पण हात कमी लावायचा.

१० जून

चार दिवस काहीही नाही, मग एकदम सगळ्यांना नवीन पान. मुळं धरली.

शेपटीला चिमटा असलेला तो तपकिरी किडा, इअरविग, काडाखाली वस्तीला आलाय. पानांना बारीक भोकं. ओलसर पुठ्ठ्याची गुंडाळी रात्री ठेवायची आणि सकाळी साबणाच्या पाण्यात झटकायची, एवढंच करतो आहे. औषध मारण्याएवढं काही नाही.

चौथ्या-पाचव्या पेरावर शेंडा मारला. द्राक्षात हे हजार वेळा केलेलं, त्यामुळे कात्री न घेता नखानंच.

२२ जून

मोठा दिवस झाला. रोपं गुडघ्याच्या वर. मडकी दर पाच-सहा दिवसांनी भरतो, आणि भरताना ती तळाला गेलेली नसतात. मुळं मडक्याला चिकटत चालली असणार.

खाली सावलीत गेलेल्या फांद्या काढल्या. ज्या फांदीला ऊन लागणार नाही तिला पोसायचं नाही, आबांचा नियम.

४ जुलै

उद्या निघतो. मडकी काठोकाठ. वाफ्याला संध्याकाळी एकदाच भरपूर पाणी दिलं, वर काडाचा आणखी एक थर. जाळीचं कडं काढून त्याजागी टोमॅटोचे मोठे पिंजरे, कारण वाढ आता थांबणार नाही. मागच्या फाटकाला कुलूप. कुंपण सहा फुटी आहे, रस्त्यावरून काही दिसत नाही. कायद्यानं अमुकच उंची मागितलेली नाही, पण शाळेतली पोरं याच गल्लीतून जातात.

आजींना आठवड्यातून एकदा मडक्यांच्या बशा उचलून बघायला सांगितलं. "आणि झाडं?" "झाडांना काही करू नका." त्यांना हे पटलं नाही. त्या रोज टोमॅटोशी बोलतात.

१८ जुलै, तासगाव

काल आषाढी. पंढरपूरला गर्दीत जायचं धाडस झालं नाही, घरीच साबुदाणा आणि टीव्हीवर महापूजा. फोनवर टोरंटोच्या पुराची चित्रं : परवा १६ तारखेला विमानतळावर जवळजवळ ९८ मिलीमीटर पाऊस पडला. त्याआधी १० तारखेला बेरिल वादळाचा उरलेला पाऊस होताच. म्हणजे मडकी भरायचा प्रश्न मिटला, बोद तेवढा टिकायला हवा.

आबांनी झाडांचे फोटो मागितले. चष्मा लावून पानं बघितली, पेरं मोजली. त्या झाडाचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही, 'तुझी ती झाडं'च म्हणतात. बरोबरच आहे, इथं अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ पासून आहे, परवान्याशिवाय एक झाड लावलं तरी गुन्हा. हॅमिल्टनमधलं अंगण हॅमिल्टनमध्येच ठेवून यायचं, पान नाही आणि बीही नाही, हे विमानात बसायच्या आधीच पिशव्या दोनदा झटकून पक्कं केलं होतं.

२८ जुलै

परत. पिशव्या दारात टाकून थेट मागे गेलो.

चारही माझ्या खांद्याला. एका उशिराच्या झाडाची फांदी पावसाच्या ओझ्यानं खोडाशी चिरली आहे, पण तुटलेली नाही. चिकटपट्टी गुंडाळून वर बांधली, जगेल. बोदावर पाणी थांबलेलं दिसत नाही, बाजूच्या हिरवळीवर मात्र चिखल वाळून भेगा पडल्यात. तण : काडातून वर आलेले गव्हाचे चार-दोन कोंब, बस.

आजी म्हणाल्या बशा दोनदा उचलल्या, दोन्ही वेळा पाणी होतं.

एक तोटाही आहे. ओल्या जुलैत काडाखाली बिनशंखाच्या गोगलगायी झाल्या. खोडाभोवतीचं आच्छादन आणखी मागे सारलं, जमीन उघडी केली. आच्छादन कोरड्या वर्षी जितकं उपकारी, ओल्या वर्षी तितकंच किड्यांचं घर. ते सरकवता येतं, एवढंच त्याचं बरं.

१४ ऑगस्ट

दिवस चौदा तासांच्या आत आला. पेरांशी पांढरे केसर दिसायला लागले, दोन्ही लवकरच्या जातींवर. उशिराच्या अजून शांत. चारही माद्याच.

मागच्या दाराचा दिवा हालचाल झाली की पेटतो, आणि रकून रात्रभर हालचाल करतात. फुलोऱ्याच्या झाडाला रात्री अखंड अंधार लागतो. दिवा बंद केला.

उशिराच्या एका झाडाच्या आतल्या पानांवर भुरी, पिठासारखी पांढरी बुरशी. फोटो पाठवायच्या आत आबांचं उत्तर तयार : "गंधक." आत्ता फुलं भरण्याआधी कदाचित चाललं असतं, पण हे पुढे जाळून किंवा तुपात उतरवून घ्यायचं आहे, त्यावर गंधक नको. आतली दाट पानं काढून हवा खेळती केली, लागलेली पानं पिशवीत बंद करून कचऱ्यात. पोटॅशियम बायकार्बोनेटचं पाणी एकदा मारलं. द्राक्षात विरळणीनं जे होतं तेच इथंही होतं, निम्मी भुरी वाऱ्यानंच जाते.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. पंचवीस-तीस माणसं घरात. मागचं दार उघडलं की तो वास थेट बैठकीत. धूप, कापूर, अगरबत्ती, तिन्ही लावून झालं, पण एकाही गंधानं त्याला दाबलं नाही. एका काकांनी मोदक खाता खाता विचारलं, "तुमच्याकडं स्कंक शिरलाय का?" स्कंक म्हणजे इथला उग्र वास सोडणारा प्राणी. बायकोनं गंभीर चेहऱ्यानं हो म्हणून सांगितलं. पोरं मागच्या अंगणात जाऊ नयेत म्हणून फाटकाप्रमाणे आज दारालाही कडी.

बाहेर लावायचं तर हा वास पाच-सहा आठवडे राहणारच. शेजाऱ्यांशी बरं असणं यात खतापेक्षा जास्त कामाला येतं. आजींना त्रास नाही म्हणतात. पलीकडच्या घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो.

२३ सप्टेंबर

कोरडा, उबदार महिना चाललाय, नशीब. लवकरच्या दोन्ही झाडांचे केसर बरेच तपकिरी. पण केसरावर भरवसा नाही. भिंगातून बघितलं : फुलावरच्या बारीक राळेच्या बोंडांतली बहुतेक दुधी झालेली, अधूनमधून एखादं मधाळ. काचेसारखं पारदर्शक जवळजवळ उरलेलं नाही. पाकीट खरं बोललं. या आठवड्यात कापणी.

मडकी या महिन्यात दोनदाच भरली.

२८ सप्टेंबर

दोन झाडं कापली. फांद्या तळघरात टांगल्या, अंधार, अठरा-वीस अंश, आर्द्रता साठाच्या आसपास, पंखा भिंतीकडं तोंड करून. दोनच झाडांनी तळघराची निम्मी दोरी भरली. इथं मला पहिल्यांदा जाणवलं की वाफा चाराला पुरतो, तळघर पुरत नाही.

९ ऑक्टोबर

उशिराच्या झाडांवर कूज. भरगच्च तुऱ्यात एकच छोटं पान तपकिरी होऊन लोंबत होतं, बाकी सगळं हिरवंगार. ते पान हलकेच ओढलं तर देठासकट हातात आलं. तुरा फोडला. आत राखाडी बुरशीची लव, बोट लावलं की धुरळा. बोट्रायटिस. द्राक्षाच्या दाट घडात जी लागते तीच बुरशी. रात्री दव पडतं, सकाळी नऊपर्यंत उतरत नाही आणि तुरा आतून वाळतच नाही.

लागलेला तुरा त्याच्या खाली दोन इंच निरोगी भागासकट कापून टाकला. प्रत्येक कापाला कात्री स्पिरिटनं पुसून. बाकीचे तुरे एकेक हातानं उघडून पाहिले, यात अख्खी सकाळ गेली. ज्या झाडाला दोन महिने हात लावायची गरज नव्हती त्यानं शेवटच्या आठवड्यात सगळी कसर काढून घेतली. पूर्ण पिकायची वाट न बघता उद्याच कापतो.

२० ऑक्टोबर

सगळं वाळून बरण्यांत. काडी वाकवली की कट्कन मोडते, तेव्हा बरणीत भरलं; पहिला आठवडा रोज झाकण उघडून हवा द्यायची. घरात किती ठेवावं यावर ऑन्टॅरिओत मर्यादा नाही, बाहेर बरोबर नेताना ३० ग्रॅमच्या वर नाही, आणि विकायचं तर अजिबात नाही. आमच्या दोघांना पुढच्या चार पाडव्यांपर्यंत पुरेल एवढं आहे, त्यामुळे हे नियम पाळणं फार अवघड नाही.

खोडं जमिनीलगत कापली, मुळं आतच कुजू देणार. मडकी उपसून काढली. पाणी भरून राहिली तर थंडीत फुटतात. एकाच्या बाहेरून मुळांची जाळी इतकी घट्ट होती की सुरीनं सोडवावी लागली. वर पुन्हा पुठ्ठे, पुन्हा मेपलची पानं.

आबांच्या बागेत फळछाटणी उरकली. त्यांना कुजीचे फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं एका वाक्यात : "जात लवकरची घे आणि निम्मी लाव."

तेच करतो आहे. पुढच्या वर्षी दोनच झाडं, दोन्ही सप्टेंबरची. दक्षिणेकडची आठ फूट वांग्यांना; आजींनी त्यांच्याकडच्या जांभळ्या लांबट वांग्यांचं बी आत्ताच आणून दिलंय, आणि टायमर मार्चपासून त्यांच्यासाठी लागेल.